हद्द ओलांडणारा पैसा

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे छोटं स्टेशन लागतं. शिकायला परभणी आणि पोटापाण्याला पुणे, ही इथली जुनी वाट. आता तिच्या पुढची भाषा ऐकू येते. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून परिचारिका, वायरमन, ड्रायव्हर अशा कामांसाठी जर्मन शिकावं का, हा प्रश्न मराठवाड्यातल्या घरांतही विचारला जातो. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशातला 20.5 टक्के महाराष्ट्रात आला, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. हा पैसा घामाचा आहे. त्यातला किती वाटेतच शुल्कापायी जातो, हे कमावणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना कळलं पाहिजे, म्हणून हा लेख.

खालच्या संवादातले काका आणि पुतणी म्हणजे कुणी ठरावीक माणसं नव्हेत. असे काका आणि अशा पुतण्या कितीतरी घरांत आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. काका ‘हैदराबाद बँके’तून निवृत्त होऊन पिंगळीत शेती बघतात. पुतणी स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि सुट्टीवर आली आहे. काकांचा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला निघाला आहे.

काका: त्याची तयारी मी करून ठेवली आहे बघ. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे 11,904 युरो भरले, त्यातून त्याला महिन्याला 992 मिळतील. राहिली सेमिस्टरची 1,500 युरो फी, खोलीची अनामत आणि वरखर्च. तो पैसा इथल्याच खात्यात ठेवणार. कार्ड त्याच्याजवळ राहील, लागेल तसं काढेल. मला इथं मोबाइलवर दिसत राहील. पैसा नजरेसमोर असला की हात आखडता राहतो.

पुतणी: काका, ‘लागेल तसं काढेल’ हेच सगळ्यात महाग पडतं. सोप्या हिशेबासाठी एक युरो शंभर रुपयांचा धरा. पोराने 50 युरो काढले, म्हणजे 5,000 रुपये. बऱ्याच बँका परकीय चलनाचं म्हणून साडेतीन टक्के लावतात, ते झाले 175. परदेशात एटीएम वापरल्याचे वर शंभर-दीडशे, आपण 125 धरू. झाले 300. त्यावर 18 टक्के जीएसटी, 54. पाच हजारांच्या मागे 354 रुपये गेले. सात टक्के! त्यात ज्याचं यंत्र आहे त्याने स्वतःचं शुल्क लावलं, तर ते वेगळंच.

काका: मग घडीघडी कशाला काढायचे? एकदाच 300 काढावेत. ट्रॅक्टरवाल्याला एकेका पट्ट्यासाठी बोलावलं तर येण्याजाण्याचंच भाडं जास्त होतं. रान सगळं एकदाच नांगरून घ्यावं.

पुतणी: तेवढ्याने फरक पडतो, पण पुरता नाही. तीस हजारांवर साडेतीन टक्क्यांचे 1,050, वर 125, आणि जीएसटी धरून 1,386 रुपये होतात. सहा वेळा पन्नास-पन्नास काढले असते तर 2,124 गेले असते. म्हणजे सातशेच्या वर वाचले, हे कबूल. तरीही साडेचार टक्क्यांवर पाणी सोडलंच ना? एकदाच काढल्याने फेरीचं भाडं वाचतं. रुपयाचा युरो करण्याची टक्केवारी काही सुटत नाही. पैसा हद्द ओलांडतो तिथं खरा खर्च आहे.

काका: हद्दीचा खर्च आम्हाला शिकवू नको, माय. तुझ्या पणज्याच्या काळी इथं निजामाचा हाली सिक्का होता आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले तर सहा कलदार मिळायचे. बार्शीच्या बाजारात माल नेणारा असो की पंढरीला जाणारा वारकरी, हद्दीपलीकडच्या व्यवहाराला कलदार लागायचा, आणि बदलून देणारा आपला बट्टा घ्यायचा. 1942 साली हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली, तिच्याकडे या उस्मानिया चलनाचंच काम होतं. पुढं ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 2017 च्या एप्रिलात स्टेट बँकेत विलीन झाली. हाली सिक्का तर 1959 पर्यंत भारतीय रुपयाच्या जोडीने चालत होता. बट्टा काय असतो, हे आमच्या पिढीने घरात ऐकलं आहे.

पुतणी: मग त्या वेळचा शहाणा माणूस काय करायचा? बार्शीला मिळालेले कलदार बार्शीच्याच खरेदीला वापरले, तर बट्टा कुणाला द्यावाच लागत नव्हता. मी तेच म्हणते. युरोत मिळतं ते युरोतच खर्चावं. घरी पाठवायचं तेवढंच हद्दीपार जावं, तेही मोजून-मापून.

काका: तू कमावतेस, तुझं ठीक आहे. त्याला कमाई कुठं आहे?

पुतणी: त्याच्यासाठीच जर्मन बँकेत खातं हवं. ते 992 युरो दर महिन्याला जमा व्हायला तिकडचं चालू खातं लागतंच. विद्यार्थ्यांना पुष्कळ बँका ते मासिक शुल्काशिवाय देतात. आणि कायदेशीरपणे राहणाऱ्या माणसाला साधं खातं नाकारता येऊ नये, असा युरोपीय संघाचा 2014 चा नियमच आहे. त्याचं उरलेलं पैशांचं काम वर्षातून दोनदाच करा. सेमिस्टरची फी आणि सहा महिन्यांचा वरखर्च मिळून बँकेतून सरळ त्याच्या जर्मन खात्यात पाठवा. बँक रक्कम पाठवायचं शुल्क एकदा घेईल, दरात थोडं कापेल. पण एटीएमवर साडेचार-सात टक्के जाणार नाहीत. तिकडच्या कार्डाने त्याच बँकेच्या किंवा तिच्या गटातल्या यंत्रावर पैसे काढले तर शुल्क पडत नाही. किराणा घेताना मोठ्या दुकानांच्या गल्ल्यावरही रोख मिळते.

काका: रोख लागतेच ना? मी ऐकलं होतं, तिकडं कागदी नोटेला कुणी विचारत नाही.

पुतणी: जर्मनीत विचारतात. त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या 2023 च्या पाहणीत जवळपास निम्मे व्यवहार रोखीचे निघाले. बेकरीत, छोट्या खानावळीत, आठवडी बाजारात खिशात नोटा लागतात. म्हणूनच फुकट रोख कुठं मिळते हे पहिल्या आठवड्यातच शोधायचं. विमानतळावर आणि पर्यटकांच्या चौकात जी खासगी यंत्रं उभी असतात, तिथं मात्र जायचं नाही. ती स्वतःचं शुल्क लावतात आणि वर एक प्रश्न विचारतात.

काका: कसला प्रश्न?

पुतणी: ‘रुपयांत घेऊ की युरोत?’ पडद्यावर रुपयांचा आकडा बघून बरं वाटतं, आपलं चलन ओळखीचं. पण रुपये निवडले की दर त्या यंत्रवाल्याचा लागतो, आणि तो बाजारभावापेक्षा बराच महाग असतो. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हाच प्रश्न येतो. उत्तर एकच: ज्या देशात उभे आहात त्या देशाचं चलन. एप्रिल 2020 पासून युरोपीय संघातल्या कार्डांसाठी अशा वेळी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर किती टक्के चढवले, हे दाखवणं बंधनकारक आहे. आकडा समोर दिसला की माणूस सावध होतो.

काका: त्यापेक्षा फॉरेक्स कार्ड द्यावं. युरो इथंच भरायचे, दर इथंच पक्का. पुढं रुपया घसरला तरी आपल्याला काय फरक?

पुतणी: पहिल्या दोन महिन्यांसाठी मीही तेच सांगेन. जर्मन खातं उघडेपर्यंत हातात काहीतरी हवं. पण त्याचेही कोपरे आहेत. कार्ड देताना आणि पुन्हा भरताना शुल्क असू शकतं. एटीएमवर दर वेळी युरोत काही कापतात. आणि युरोचं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकसाठी वापरलं, तर चलनबदलाची टक्केवारी परत लागते. दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि विचारताना फक्त ‘शुल्क किती’ असं विचारू नका. ‘एक लाख रुपये दिले तर कार्डात नेमके किती युरो पडतील?’ असं विचारा. शून्य शुल्काची पाटी लावून दरातच कापून घेणारे पुष्कळ आहेत. शेवटी हातात किती पडलं, तोच खरा भाव.

काका: हे मात्र लाख मोलाचं बोललीस. बरं, नोटा किती देता येतील हे मला पाठ आहे. एका प्रवासाला 3,000 डॉलरइतकं परकीय चलन रोखीत, बाकी कार्डात. वर्षाला एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा. आणि आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की टीसीएस नावाचा आगाऊ कर कापतात. एप्रिल 2025 च्या आधी ती मर्यादा सात लाख होती.

पुतणी: हो, आणि तो कर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून त्याला शुल्कात धरायचं नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशाला तर आता तो लागतही नाही. पण काका, एक गोष्ट तुम्ही बोललाच नाहीत. तो गेल्यावर त्याचं इथलं बचत खातं तसंच ठेवता येणार नाही.

काका: एनआरओ करावं लागतं, ठाऊक आहे. शिकायला गेलेला विद्यार्थीही अनिवासी धरला जातो, हे रिझर्व्ह बँकेने 2003 मध्येच स्पष्ट केलं आहे. पण खरं सांगू? पोराचं खातं ‘अनिवासी’ म्हणून नोंदवायचं, हे मनाला लागतं. पासबुकावर सुद्धा तो परका झाला, असं वाटतं.

पुतणी: मलाही वाटलं होतं. पण नियम आज ना उद्या आडवा येतोच. घर घेताना, ठेव मोडताना, वाटणीचा पैसा जमा होताना. एनआरओत इथलं उत्पन्न ठेवायचं. तिकडे कमावलेलं इकडे आणायचं तर एनआरई. त्यातल्या व्याजावर इथं कर नाही, आणि पैसा पुन्हा तिकडे न्यायला आडकाठी नाही. नाव बदलल्याने गाव बदलत नाही.

काका: आता माझी खरी तक्रार ऐक. तू वहिनींना दर महिन्याला पाठवायचीस. आता तीन महिन्यांनी पाठवतेस. का, तर एकदाच पाठवलं की शुल्क वाचतं. तुझं शुल्क वाचलं, पण किराणा काय तीन महिन्यांनी संपतो? दवाखाना तारीख बघून येतो? पैशाची काटकसर माणसावर कशी उतरते, ते तुला तिथं बसून दिसत नाही. चार पैसे बँकेला गेले तरी चालतील, पण घरात महिन्याचे महिन्याला आले पाहिजेत.

पुतणी: तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यासाठी शुल्क भरायची गरज नाही. हद्द ओलांडायची आहे फक्त युरोला. मी तीन महिन्यांचं एकदम माझ्या एनआरई खात्यात आणते. तिथून आईच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम आपोआप जाईल, अशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवायची. देशातल्या देशात ऑनलाइन एनईएफटीला बचत खातेदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असं जानेवारी 2020 पासून आहे. आणि दोन महिन्यांचा खर्च आईच्या खात्यात कायम पडून राहील. सुट्टीत हेच करून जाणार आहे.

काका: तसं असेल तर माझी हरकत नाही. मात्र दोन महिन्यांचं राखीव आधी टाक, सूचना नंतर दे. यंत्रं चुकतात, माणसं उपाशी राहतात.

पुतणी: आधी राखीव. ठरलं.

काका: आता माझ्या पोराच्या राखीवाचं बोल. तू सगळं तिकडच्या एका खात्यावर बांधतेस. ते कार्ड हरवलं तर? खातं काही कारणाने अडकलं तर? परक्या गावात रात्री खिसा रिकामा असला, तर सात टक्के शुल्काचा कोण विचार करेल? म्हणून मी म्हणतो, इथलं कार्ड चालू राहू दे. त्यावर शुल्क लागलं तरी लागू दे. अडीनडीला दिलेलं शुल्क म्हणजे उधळपट्टी नव्हे.

पुतणी: इथं मी तुमच्या बाजूने आहे. दोन कार्डं, दोन वेगळ्या जागी: एक पाकिटात, एक खोलीत कुलपात. इथलं कार्ड निघण्याआधीच परदेशी व्यवहारांसाठी सुरू करून घ्यायचं. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच सुरू असतं, बाहेरचा वापर धारकालाच चालू करावा लागतो. ते न करता गेलेला माणूस पहिल्याच यंत्रापुढे अडतो. आणि इथलं सिम रिचार्ज करत राहायचं, रोमिंग चालू ठेवायचं. ओटीपी आला नाही, तर खात्यात लाख असून उपयोग नाही.

काका: आणि चोरी झाली तर लगेच कळवायचं. 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. बँकेचा फोननंबर कागदावर लिहून खोलीत ठेवायचा. मोबाइलच चोरीला गेला तर मोबाइलमधला नंबर काय कामाचा?

पुतणी: हे मीही करेन.

काका: बघ, शेवटी सगळं शिस्तीवर येतं. माहिती घे, बेत आख, शुल्क टळतं. ज्याने बेत आखला नाही त्याने भरावं. यात बँकेला दोष देण्यात अर्थ नाही.

पुतणी: इथं मात्र आपलं जमणार नाही. सगळ्यात जास्त टक्के कोण भरतो, सांगा बरं? जो पन्नास-पन्नास काढतो तो. का काढतो? त्याच्या खात्यात तीनशे एकदम नसतात. नवा गेलेला विद्यार्थी, आखातात पगारपत्रकावरच भरवसा असलेला मजूर, पहिल्या महिन्याची परिचारिका. शिस्त त्यांनाही आहे. नाही तो मोठा गठ्ठा. ठोक शुल्क गरिबाच्या छोट्या रकमेवर मोठं होऊन बसतं. आणि हे काही परदेशातच नाही. परभणीत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर फुकटचे व्यवहार संपले की मे 2025 पासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत आणि वर कर. पाचशे काढणाऱ्या म्हातारीला ते किती टक्के पडले, आणि दहा हजार काढणाऱ्याला किती?

काका: पण एटीएम चालवायला खर्च येतो. रोख भरणारी गाडी, पहारा, वीज, दुरुस्ती. फुकट काहीच नसतं. मी शाखेत होतो, मला माहीत आहे.

पुतणी: खर्च घ्या, पण आधी सांगून घ्या. बटण दाबण्याआधी पडद्यावर एकच ओळ हवी: ‘या व्यवहारात तुमचे एकूण इतके रुपये जातील.’ बँकेची टक्केवारी, ठोक शुल्क, कर, दरातली तफावत, सगळं मिळून. संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत परदेशातून घरी पैसे पाठवण्याचा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे जगाने हे मान्य केलं आहे की हा प्रश्न एकट्या माणसाच्या शिस्तीचा नाही. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या बँक प्रतिनिधीने ग्राहकाकडून वरून शुल्क घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा नियम आहे. पण तो खेड्यातल्या किती बायांना माहीत आहे? नियम पाळला जातो की नाही हे कुणीतरी बघायला हवं.

काका: नियम येतील तेव्हा येतील. पोरगा मात्र या महिन्यात निघाला आहे. तोवर शिस्तच कामाला येणार.

पुतणी: बरोबर. म्हणून दोन्ही हवं. त्याने शिस्त पाळावी, आणि बँकेने किंमत उघड सांगावी.

काका: मग त्याला काय सांगायचं, ते तूच लिहून दे. मी सही करतो.

पुतणी: लिहा. जाताना फॉरेक्स कार्डात दोन महिन्यांचा खर्च आणि थोडी रोख. पहिल्या आठवड्यात जर्मन खात्यासाठी अर्ज. फी आणि वरखर्चाची रक्कम सहा महिन्यांनी एकदा, किती युरो पोहोचतील हे दोन-तीन ठिकाणी विचारून. यंत्राने चलन विचारलं तर नेहमी युरो. इथलं कार्ड चालू, पण फक्त अडचणीसाठी. सिम जिवंत. खातं एनआरओ.

काका: आणि शेवटी लिही: अडचण आली तर शुल्काचा विचार न करता पैसे काढ, आणि आधी घरी फोन कर.

पुतणी: हे वाक्य मी सगळ्यात वर लिहिते. बाकी सगळे नियम त्याच्या खाली.